सापाचे जेवण : शेतातले आणि पेटीतले

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात प्राण्यांच्या आहाराचा पाठ चालला असता एका विद्यार्थ्याने उभे राहून एक प्रश्न विचारला. अमेरिकेत पुष्कळ लोक किंगस्नेक नावाचा साप घरी पाळतात, त्याला दर आठवड्यास एक उंदीर घालतात, आणि तो पंधरा-वीस वर्षे सुखाने जगतो, असे त्याने कोठेसे पाहिले होते. त्याचे म्हणणे असे की, आपल्या जासईच्या शेतांत आणि खाजणांत हवे तितके साप आहेत. मग आपणही एखादी धामण पेटीत ठेवून तिला उंदीर का घालू नयेत? वर्ग हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. हाच विचार लहानपणी आमच्याही मनात आला होता, आणि त्याचे उत्तर आम्ही एका मुक्या प्राण्याच्या जिवावर शिकलो होतो. ती हकीकत योग्य स्थळी सांगूच. परंतु विद्यार्थ्याचा प्रश्न प्रामाणिक होता आणि प्रामाणिक प्रश्नास सविस्तर उत्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. तो पालकांनीही वाचावा अशी विनंती आहे. कारण सापाविषयीच्या समजुती मुले घरातूनच घेऊन शाळेत येतात.

आपल्या परिसरातील सापांचे अन्न

प्रथम एक गोष्ट ध्यानात धरावी. सर्व साप मांसाहारी आहेत. गवत, फळ, धान्य किंवा शिजवलेले अन्न खाणारा साप जगात नाही. तथापि सर्व साप एकच अन्न खातात असे मात्र नव्हे. ज्याप्रमाणे सुताराची हत्यारे निराळी व लोहाराची निराळी, त्याप्रमाणे प्रत्येक जातीच्या सापाचे दात, अंग, वेग आणि शिकारीची वेळ ही त्याच्या अन्नास अनुरूप असतात.

आपल्या भातशेतीत सर्वांत अधिक दिसणारा मोठा साप म्हणजे धामण. ती बिनविषारी असून दिवसा हिंडते. उंदीर हे तिचे आवडते भक्ष्य. परंतु बेडूक, सरडे आणि पक्षीही ती खाते. लहान असताना तिच्या तोंडात उंदीर मावत नाही, म्हणून तिची पिले छोट्या बेडकांवर व सरड्यांवर वाढतात. पाण्याच्या कडेला राहणारा दिवड मासे आणि बेडूक खातो. गवतात फिरणारी निरुपद्रवी नानेटी मुख्यतः बेडकांवर जगते. घराच्या भिंतीवर रात्री चढणारा कवड्या हा पालींचा शिकारी आहे. दोऱ्यासारखा बारीक वाळा, ज्याला पुष्कळजण गांडूळ समजतात, तो मुंग्यांची व वाळवीची अंडी आणि अळ्या खाऊन राहतो.

विषारी सापांची गोष्टही अशीच आहे. नागाला उंदीर, बेडूक, पक्षी, अंडी आणि प्रसंगी दुसरे सापही चालतात. घोणस मुख्यतः उंदरांवर जगते व म्हणूनच ती शेताच्या बांधावर आणि पेंढ्याच्या आसपास आढळते. मण्यार रात्री निघते आणि तिचे विशेष भक्ष्य म्हणजे इतर साप. लहानसे फुरसे विंचू आणि गोमसुद्धा खाते.

याहून आश्चर्याचे उदाहरण खाडीतले आहे. तिवरांच्या चिखलात राहणारे काही पाणसाप आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत. त्यांपैकी एक लहान जात खेकड्यांवर जगते, आणि तेही नुकतीच कात टाकून मऊ पडलेल्या खेकड्यांवर. साप आपले भक्ष्य सगळेच्या सगळे गिळतो, तोडून खात नाही, असा नियम आपण शिकतो. परंतु हा साप मऊ खेकड्याभोवती अंगाचा फास टाकून त्यातून त्याला ओढतो व त्याचे तुकडे करून खातो, असे सिंगापूर येथील निरीक्षणांवरून २००२ साली प्रसिद्ध झाले. तसेच आपल्या विदर्भात सापडणारा अंडीखाऊ साप केवळ पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतो. सांगावयाचे तात्पर्य इतकेच की, “साप काय खातो?” या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी “कोणता साप?” हे विचारले पाहिजे.

साप जेवतो कसा व केव्हा?

सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे एकमेकांस पक्के जोडलेले नसतात, त्यामुळे आपल्या डोक्याहून मोठे भक्ष्य त्याला गिळता येते. त्याचे दात आतल्या बाजूस वळलेले असतात. त्यांचे काम चावण्याचे नसून धरून ठेवण्याचे व आत सरकवण्याचे आहे. नाग आणि घोणस विषाने भक्ष्य मारतात. अजगर विळखा घालून मारतो. धामण विळखा घालीत नाही, तर आपल्या अंगाच्या भाराने भक्ष्य जमिनीशी दाबून धरते.

गिळलेल्या भक्ष्याचे पचन होण्यास कित्येक दिवस लागतात, आणि त्यास ऊब लागते. सापाच्या शरीरात आपल्यासारखी स्वतःची ऊब निर्माण होत नाही. ती तो उन्हातून, तापलेल्या दगडातून किंवा बिळातील जमिनीतून घेतो. अन्नातून ऊब निर्माण करण्याचा खर्च त्याला नसल्यामुळे त्याच वजनाच्या मांजरापेक्षा त्याला फारच थोडे अन्न पुरते. एकदा पोटभर जेवलेला मोठा साप काही आठवडे उपाशी राहू शकतो. जेवल्यावर त्याला त्रास दिला किंवा थंडीत ठेवले, तर तो गिळलेले परत ओकून टाकतो.

शिवाय त्याच्या जेवणास ऋतू आहेत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढतात, बेडकांचे ओरडणे रात्रभर चालते, तेव्हा दिवडाची आणि नानेटीची चंगळ असते. भात पिकू लागले म्हणजे उंदीर व घुशी बांधात बिळे करतात, तेव्हा धामणीला सुगी असते. वैशाखात जमीन तडकली की दोघांचाही हात आखडतो. म्हणजे उपवास हाही सापाच्या आहाराचाच एक भाग होय.

दुधाची समजूत

येथे आपल्या घरोघरच्या एका समजुतीचा विचार केला पाहिजे. साप दूध पितो, एवढेच नव्हे तर धामण गाईच्या पायांना विळखा घालून तिचे दूध ओढून घेते, असे आपल्याकडे सांगतात. थोडा विचार केला तर हे अशक्य असल्याचे दिसून येईल. दूध ओढून घेण्यास ओठ लागतात. सापाला तसे ओठ नाहीत. त्याच्या तोंडात सुईसारखे अणकुचीदार दात आहेत. ते आचळाला लागताच गाय लाथ झाडल्याशिवाय राहील काय? धामण गोठ्यात येते हे मात्र खरे. पण ती पेंढ्यातल्या उंदरांसाठी.

दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे. सापाची पिले अंड्यातून बाहेर पडताच, किंवा घोणशीप्रमाणे जन्मताच, स्वतःची शिकार करू लागतात; त्यांच्या आईला दूध नसते. मग नागपंचमीला गारुड्याचा नाग वाटीतले दूध पिताना दिसे तो कसा? पंचमीच्या आधी त्याला दिवसचे दिवस अन्नपाण्यावाचून टोपलीत कोंडीत. तहानेने व्याकुळ झालेला प्राणी पुढे येईल तो द्रव तोंडात घेई. ते दूध पुष्कळदा श्वासनलिकेतून फुप्फुसात जाई, आणि पूजेनंतर काही दिवसांनी नाग मरे. भाविकाच्या मनात भक्ती असे, परंतु नागाच्या वाट्याला मरण येई. वाटीत स्वच्छ पाणी असते तर त्याची तहान तरी भागली असती.

किंगस्नेक : रानातला आणि घरातला

आता विद्यार्थ्याने सांगितलेल्या अमेरिकन सापाकडे वळू. किंगस्नेक म्हणजे सर्पांतील राजा. आपल्या सह्याद्रीतील नागराजाशी त्याचे जवळचे नाते नाही. नागराज अत्यंत विषारी, तर किंगस्नेक बिनविषारी व साधारणतः तीन-चार फूट लांबीचा. पण दोघांच्या नावातील राजेपणाचे कारण एकच, ते म्हणजे दोघेही इतर साप खातात.

रानातील किंगस्नेकचे पान भरलेले असते. त्यात उंदीर आहेत, सरडे आहेत, पक्ष्यांची अंडी आहेत, जमिनीत पुरलेली कासवांची अंडी उकरून काढलेली आहेत, आणि सापही आहेत. शेपटीचा खुळखुळा वाजविणारा विषारी रॅटलस्नेकदेखील त्याच्या तावडीतून सुटत नाही, कारण त्या विषाचा किंगस्नेकवर फारसा परिणाम होत नाही. रॅटलस्नेकला हे ठाऊक असावे असे त्याचे वर्तन आहे. किंगस्नेकचा वास येताच तो फणकारून चावावयास धावत नाही, तर डोके खाली दडवून अंगाचा मधला भाग कमानीसारखा उचलतो व त्याने शत्रूला झोडपतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, किंगस्नेकचे स्नायू इतर सापांहून मोठे नाहीत, परंतु तो नेटका, घट्ट विळखा घालीत असल्यामुळे त्याचा दाब अधिक पडतो. आपल्याहून लांब सापही तो गिळतो. तो पोटात मावावा म्हणून आत त्याच्या नागमोडी घड्या पडतात.

आता घरातल्या पेटीतील किंगस्नेकचे पान पाहा. त्यात एकच पदार्थ आहे, तो म्हणजे प्रयोगशाळेतील जातीचा पांढरा उंदीर. तो मारून बर्फात गोठविलेला विकत मिळतो. पाळणारा तो कोमट पाण्यात वितळवून चिमट्याने सापापुढे धरतो. सापाच्या अंगाचा जो सर्वांत जाड भाग, त्याहून फारसा रुंद नसलेला उंदीर निवडतात. पिलांना नुकती जन्मलेली, केस न आलेली उंदराची पिले देतात. वाढत्या पिलास पाच-सात दिवसांनी व मोठ्यास सात ते दहा दिवसांनी एक जेवण पुरते. जिवंत उंदीर सहसा सोडीत नाहीत, कारण कोंडलेल्या जागेत उंदीरच सापाला चावून भयंकर जखमा करतो. दोन किंगस्नेक एका पेटीत कधीच ठेवीत नाहीत, अन्यथा सकाळी एकच उरण्याचा संभव! कित्येक पिले पहिल्यांदा उंदराकडे पाहतही नाहीत, कारण रानात त्यांचे पहिले भक्ष्य बहुधा सरडा असते. तेव्हा जाणते पाळणारे उंदराला सरड्याचा वास लावून त्यांची फसवणूक करतात.

निष्पक्षपणे सांगावयाचे तर या उंदरावर किंगस्नेक चांगला जगतो. अख्ख्या उंदरात मांस आहे, हाडांतील चुना आहे, काळजातील जीवनसत्त्वे आहेत. नुसत्या मांसाचे तुकडे घातले असते तर हे मिळाले नसते. रानातील बेडूक व सरडे यांच्याबरोबर पोटात जाणारे जंतही त्याला बाधत नाहीत. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मल्या, त्या सापांची ही व्यवस्था आहे व ती बऱ्याच वर्षांच्या अनुभवाने बसलेली आहे.

पेटीत काय उणे पडते?

तरीसुद्धा पेटीचे दोष राहतातच. रानातला साप एका उंदरासाठी किती हिंडतो, किती वेळा हुकतो, किती दिवस उपाशी राहतो! पेटीतल्याला प्रत्येक आठवड्यास लठ्ठ उंदीर मिळतो, हिंडावयाचे दोन हात. परिणामी त्याच्या अंगावर व काळजावर चरबी चढते. अति आहाराने मरणारा साप रानात दिसावयाचा नाही, पेटीत दिसतो.

जे साप उंदीर खात नाहीत त्यांची अवस्था याहून बिकट. दिवडाला मासे हवेत. पाळणारा बाजारातील एकाच जातीचे मासे रोज घालतो. परंतु काही माशांच्या मांसात ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते, आणि मासे गोठवल्यानेही ते जात नाही. अशा माशांवरच ठेवलेल्या सापाला काही महिन्यांत झटके येऊ लागतात. शेतातील दिवडास हा रोग का होत नाही? कारण तो आज मासा, उद्या बेडूक, परवा दुसऱ्या जातीचा मासा असे खातो. त्याच्या पानातील विविधता हेच त्याचे औषध. आणि मऊ खेकडा खाणाऱ्या त्या पाणसापाला कोणी पाळलेच, तर भरती-ओहोटी पाहून, नेमका कात टाकलेला खेकडा शोधून रोज कोण आणणार? बेडूक आणावेत म्हणावे, तर तेही आपल्या शेताचे रक्षक आहेत. बेडकांचे पाय परदेशी पाठविण्याचा मोठा व्यापार आपल्या देशात चाले. शेतातील किडे खाणारे बेडूक कमी होऊ लागल्याने १९८७ साली ती निर्यात बंद करावी लागली.

आणखी एक गोष्ट विसरू नये. वीस वर्षे गोठलेला उंदीर खाल्ला म्हणून सापाच्या अंगातील शिकारी मरत नाही. अटलांटिक महासागरातील ग्रॅन कनेरिया या बेटावर एकही साप मूळचा नव्हता. घरात पाळलेले काही कॅलिफोर्नियाचे किंगस्नेक तेथे सुटले, आणि १९९८ च्या सुमारास ते रानात वाढत असल्याचे लक्षात आले. त्या बेटावरील मोठे सरडे जगात अन्यत्र कोठे नाहीत. सापाची ओळखच नसल्यामुळे त्यांना पळणे ठाऊक नव्हते. जेथे जेथे किंगस्नेक पसरले, तेथे ते सरडे जवळजवळ नाहीसे झाले. हौस एका घरातली. तिची किंमत साऱ्या बेटाने दिली.

बरणीतले पिल्लू

आता आमची हकीकत. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला होता. बांधाच्या उघाडीजवळ आम्ही तिघे मित्र चिवणी धरावयास गेलो असता टोपलीत माशांबरोबर हातभर लांबीचे सापाचे पिल्लू आले. ते दिवडाचे होते हे पुढे कळले. तेव्हा आम्हांस कळत नव्हते, आणि ते घोणशीचे असते तर हा लेख लिहावयास आम्ही कदाचित राहिलोही नसतो. आम्ही ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातले व फडक्याने तोंड बांधले. घरून चोरून वाटीभर दूध आणले. ते त्याने शिवले नाही. दुसऱ्या दिवशी दुधात भाकरी कुस्करून ठेवली. तिसऱ्या दिवशी उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवला. चौथ्या दिवशी आमच्यापैकी एकाने दोन झुरळे आणून टाकली. ते पिल्लू बरणीच्या काचेला नाक लावून सारखे वर चढे व घसरून खाली येई. सहाव्या दिवशी सकाळी ते उताणे पडलेले दिसले.

आम्ही रडत आजोबांकडे गेलो. आजोबांनी रागे भरले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “पोरांनो, त्याने तुमच्याकडे दूध मागितले होते काय?” मग ते आम्हांला ज्या उघाडीवर ते पिल्लू सापडले होते तेथे घेऊन गेले. पाण्यात काळ्या मोहरीसारखी बेडकांची असंख्य पिले वळवळत होती. आजोबा म्हणाले, “हे त्याचे ताट. ते सोडून तुम्ही त्याला बरणीत बसवलेत.” त्या वेळी आम्ही काही उत्तर दिले नाही, आजही आमच्यापाशी उत्तर नाही. दया आमच्या मनात पुष्कळ होती, परंतु ज्ञानावाचूनची दया त्या पिल्लाच्या उपयोगी पडली नाही.

उंदीर, भात आणि धामण

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता आपोआप निघते. धामणीला पेटीत उंदीर घातला तर ती कदाचित जगेल; पण ती पेटीत महिन्याला जे दोन-चार उंदीर खाईल, ते आपल्यालाच विकत आणावे लागतील, आणि शेतातील उंदीर मोकळे राहतील. घूस केवळ भात खाऊन थांबत नाही. ती कणसे तोडून बिळात कोठार भरते. उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिससारखे रोग पसरतात. या सर्वांवर विनावेतन पहारा करणारी धामण आपण शेतातून उचलावी आणि पेटीत ठेवून तिला वेतन द्यावे, हा व्यवहार कोणत्या शेतकऱ्याला मान्य होईल?

जासईच्या बाबतीत हा विचार अधिकच निकडीचा आहे. येथील भूमीसाठी केवढा लढा झाला हे आपण सर्व जाणतो. जानेवारी १९८४ मधील हुतात्म्यांचे स्मरण गावात दरवर्षी होते. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०२४ साली अटल सेतू खुला झाला, आणि या काळात किती शेते व खाजणे भरावाखाली गेली हे पालकांना सांगण्याची गरज नाही. शेताबरोबर बेडूक गेले, बिळे गेली, दिवडाचे पाणी गेले. गोदामांत आणि कचऱ्यात उंदीर मात्र वाढले. म्हणून आज धामण किंवा नाग घराच्या पायरीशी दिसू लागला, तर तो आपल्या मागे आलेला नसून उंदरांच्या मागे आलेला असतो. उघड्यावर टाकलेले उष्टे अन्न बंद झाले, अडगळ दूर झाली, म्हणजे उंदीर कमी होतील आणि सापाचेही येणे आपोआप कमी होईल.

शेवटी कायद्याचे सांगणे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये आपल्याकडील धामण, नाग, घोणस आदी साप पकडून बाळगणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. विषावरील औषधासाठी साप लागतात तेही परवान्यानेच पकडले जातात. तामिळनाडूत इरुला लोकांची सहकारी संस्था १९७८ पासून हे काम करते. साप काही आठवडे ठेवून, विष काढून, ते पुन्हा रानात सोडतात. घरात साप आला तर त्यास हात लावू नये, काठी उगारू नये; दुरून नजर ठेवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता, जखम न कापता, रुग्णास तडक सरकारी रुग्णालयात न्यावे.

बालमित्रहो, प्राण्यावर प्रेम करावे असे वाटणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु ज्यावर प्रेम करावयाचे त्याची भूक आधी ओळखावी. सापाचे ताट देवाघरूनच वाढलेले आहे, आणि ते आपल्या बांधावर, खाजणात व तळ्यात मांडलेले आहे. ते आपण पुसून टाकले नाही, म्हणजे त्याला जेवू घातल्यासारखेच आहे.

निरीक्षणासाठी काही विषय

१. आपल्या घराजवळील एका बांधाचे किंवा तळ्याचे जूनपासून डिसेंबरपर्यंत निरीक्षण करा. बेडूक, मासे आणि उंदरांची बिळे कोणत्या महिन्यात अधिक दिसतात ते वहीत नोंदवा. कोणत्याही बिळात हात घालू नका.

२. वरील लेखात आलेल्या सापांची नावे एका रकान्यात व त्यांचे भक्ष्य दुसऱ्या रकान्यात लिहा. एकच भक्ष्य खाणारे साप कोणते व अनेक भक्ष्ये खाणारे कोणते?

३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्या लहानपणी आपल्या शिवारात दिसणारे कोणते साप आता दिसत नाहीत, याची यादी करा. कोणत्या शेताच्या किंवा खाजणाच्या जागी आता काय आहे, तेही लिहा.

४. “साप शेतकऱ्याचा मित्र आहे” असे आपण परीक्षेत लिहितो. आपल्या घरी साप निघाला तेव्हा आपण मित्राप्रमाणे वागलो काय? खरे काय ते लिहा. गुण कापले जाणार नाहीत.